खाकी कव्हरातली म्हैस

तेहतीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. किती पोरं हाताखालून गेली ते मी कधी मोजलं नाही, पण अजूनही शांती नगरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत उभी असले की एखादा दाढीवाला बाप्या वाकून पाया पडतो आणि विचारतो, बाई, ओळखलंत का? चेहरा मला आठवत नाही. पण तो 'क' उलटा काढायचा की सुलटा, ते बरोबर आठवतं. तर अशी मी, पहिलीची बाई. आणि माझी स्वतःची साडेतीन वर्षांची नात माझ्या हातात पुस्तक दिसलं रे दिसलं की पलंगाखाली शिरायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात होता, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या बाजूला.

घरात आम्ही चौघं: मुलगा, सून, नात आणि मी. मुलगा-सून दोघंही नोकरीला. सून गुजराती, भाईंदरची. लग्न होऊन आली तेव्हा कोकम कशात घालतात हे विचारायची, आता माझ्यापेक्षा चांगली सोलकढी करते. नात सकाळी प्लेस्कूलला जायची, साडेबाराला मी तिला घेऊन यायची आणि तिथून संध्याकाळी सातपर्यंत ती माझ्या ताब्यात. ताब्यात हा शब्द माझाच. पोरगी काय म्हणत होती ते मी विचारलं नव्हतं.

पोरगी काय म्हणत होती? ती म्हणायची, आजी, टीव्ही. टीव्ही नाही म्हटलं की, मग नानीकडे जाऊ. नानी म्हणजे सुनेची आई, माझ्या विहीणबाई, भाईंदर वेस्टला राहतात. दर शनिवारी सून पोरीला तिकडे घेऊन जायची आणि रविवारी आणायची. सोमवारपासून पुन्हा आमचं तुणतुणं सुरू: नानीकडे कधी जायचं?

मार्चमध्ये एके संध्याकाळी चहा पिता पिता सुनेने हळूच विषय काढला. समोरच्या नव्या टॉवरच्या तळमजल्यावर डे-केअर झालंय म्हणे. एसी आहे, रंगीत बॉलचा हौद आहे, मुलं रमतात. जूनपासून दुपारी तिकडे ठेवूया का? तुम्हालाही जरा आराम. सून मनाने सरळ आहे, टोमणा मारायची तिची जात नाही. पण मला ते 'आराम' असं लागलं म्हणून सांगू. मी आराम मागितला होता का? फॉर्म तिने आणूनही ठेवला होता. फ्रिजवर, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली. येता-जाता तो मला दिसायचा. पाणी प्यायला गेलं की फॉर्म, दही काढायला गेलं की फॉर्म.

मला वाईट वाटलं, खरं सांगते. पोरीला माझ्याजवळ करमत नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जूनपर्यंत काय ते करायला हवं होतं. आणि मला काय येतं? ना कॅरम, ना मोबाईलवरचे गेम. येतं ते एकच, पुस्तक. म्हटलं, ठीक आहे, पुस्तकांनीच पोरगी वळवायची.

आधी आमच्या सेक्टरमधली दुकानं पालथी घातली. मोबाईलची कव्हरं, वाढदिवसाच्या टोप्या आणि कोपऱ्यात पुस्तकं. मी विचारलं, लहान मुलांची गोष्टीची आहेत का, की तो लगेच एबीसीडीचा तक्ता काढायचा. मराठीत हवंय म्हटल्यावर 'आंटी, वो तो स्कूलवाला आएगा जून में' म्हणून मोकळा. मग कळलं की भाईंदरला एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलंय. रविवारी नानीकडून परतताना सून आणि नात तिथे आल्या, मी घरून गेले.

आता मी पुस्तकं कशी निवडली ते ऐका. पर्समध्ये लाल पेन घेऊनच गेले होते. पहिलं काय बघितलं असेल तर शुद्धलेखन. दुसरं, पानावर मजकूर भरपूर पाहिजे. एवढ्या मोठ्या कागदावर चार शब्द छापायचे ही निव्वळ लबाडी. तिसरं, शेवटी बोध. खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं. बोध नाही ती गोष्ट कसली? चित्रं मी बघितलीच नाहीत. म्हणजे आहेत एवढं बघितलं. स्टॉलवाला एकदा म्हणालाही, बाई, मुलीला बघू द्या की. मी म्हटलं, तिला काय कळतंय, ती साडेतीन वर्षांची आहे.

'तिला काय कळतंय' म्हटलेली ती नात तेवढ्यात खाली फतकल मारून बसली होती आणि मांडीवर एक पुस्तक उघडून त्यात नाक खुपसून होती. मी घेऊन बघितलं. भर रस्त्यात एक म्हैस बसलेली आणि प्रत्येक पानावर एकच वाक्य: म्हैस काही उठेना. पान उलटलं, म्हैस काही उठेना. पुन्हा उलटलं, म्हैस काही उठेना. अहो, हे काय पुस्तक झालं? वर्गात एखाद्याला शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला द्यावं तसलं. शिवाय शेवटच्या पानावर एकही शब्द नाही. म्हैस उठते आणि जाते. बोध काय, तर काही नाही. मी ते जागेवर ठेवलं.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. नुसती त्या पुस्तकाकडे वळून वळून बघत माझ्या हाताला लोंबत चालत राहिली. दारापर्यंत आल्यावर सून म्हणाली, पाण्याची बाटली घेऊन येते, आणि आत गेली. बऱ्याच वेळाने आली. हातात पाण्याची बाटली काही नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी माझ्या अकरा पुस्तकांच्या पिशवीवर खूश होते.

घरी आल्यावर मी काय केलं? जे आमच्या रत्नागिरीकडच्या घरात पिढ्यान् पिढ्या होत आलं तेच. खाकी कागद आणला आणि अकराच्या अकरा पुस्तकांना कव्हरं घातली. आमचे वडील जूनच्या आधी ओटीवर बसून आम्हा भावंडांच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे. कोपरे असे दुमडायचे की वर्ष संपलं तरी कव्हर हलायचं नाही. ती घडी माझ्या हातात उतरलेली आहे. वर्गातल्या पोरांचीही कितीतरी कव्हरं मी घातली असतील. पुस्तक नवीन आलं की त्याला कव्हर घालायचं, स्टिकर लावायचा, त्यावर नाव घालायचं. यात विचार करायचा असतो हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. स्टिकरवर मी वळणदार अक्षरात नातीचं नाव घातलं. इयत्तेच्या रकान्यात काय लिहावं कळेना, तिथे एक सुबक रेघ मारली. अकरा पुस्तकं, एक ते अकरा आकडे, सगळी शोकेसमध्ये, काचेच्या मागे. काय देखणी रांग दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू. जेवणं झाली की हात धुवायचे, पुसायचे, सतरंजीवर मांडी घालून बसायचं. मी शोकेसची किल्ली फिरवून विचारायची, कुठलं हवं? पोरगी अकरा खाकी पाठींकडे बघायची आणि खांदे उडवायची. मग मीच काढायची. शब्दाखाली बोट ठेवून वाचायची, कारण डोळ्यांना सवय लागली पाहिजे. गोष्ट संपली की विचारायची, मग यातून आपण काय शिकलो? पहिल्या दिवशी ती म्हणाली, शी आली. मी नेलं. शी नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा शी. चौथ्या दिवशी पलंगाखाली.

त्यात आणखी एक झालं. एकदा पलंगाखालून सटकताना तिचा पाय सतरंजीवरच्या पुस्तकावर पडला. माझ्या तोंडून निघालंच, अगो, पाय लावलास? पुस्तक म्हणजे सरस्वती, पाया पड, पाया पड. आवाज वर्गातला निघाला असणार. पोरगी दचकली. तिने हात जोडले, डोळे मिटले. त्या दिवसापासून ती शोकेससमोरून जाताना लांबूनच दोन्ही हात जोडायची आणि पळायची. पुस्तकाला नमस्कार केला की आजचं पुस्तक झालं, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली. मुलगा पोट धरून हसला. मीही हसले, पण फॉर्म फ्रिजवरच होता.

एप्रिलमधल्या एका रविवारी मुलगा आणि सून दोघांनाही काम निघालं, म्हणून भाईंदरहून पोरीला आणायला मी गेले. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. विहीणबाई चांगल्या आहेत, हसऱ्या आहेत, पण त्यांच्याकडे गेलं की पोरगी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि त्या बशीवर बशी फाफडा आणत राहतात. त्यांच्या घरी हॉलच्या मधोमध झोपाळा आहे. दार उघडंच होतं. चपला काढता काढता मला आतून हसण्याचा आवाज आला. पोरीचं ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, पोटातून येणारं, मध्येच उचकी लागणारं.

झोपाळ्यावर विहीणबाई आणि त्यांच्या कुशीत नात. दोघींचे पाय हवेत. मांडीवर पुस्तक. तेच, म्हशीचं. पाण्याच्या बाटलीचं कोडं मला तिथल्या तिथे उलगडलं. सुनेने ते घेतलं होतं आणि माझ्या भीतीने आईकडे ठेवलं होतं. पुस्तकाची दशा काय सांगू, कोपरे दुमडलेले, एका पानाला छुंद्याचा चिकट डाग, आणि खाली सरकलं की पोरगी ते पायाने वर ढकलत होती. पायाने. माझ्या पोटात दुखलं ते पायामुळे नाही. ती तिथे हसत होती म्हणून दुखलं. ज्या बाईने मराठी शाळेचा उंबरा ओलांडलेला नाही तिच्या मांडीवर माझी नात मराठी पुस्तक ऐकत होती आणि मी, तेहतीस वर्षं, दारात चप्पल हातात घेऊन उभी.

विहीणबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. वर्गात बडबड करताना पकडल्यासारखा. पटकन झोपाळ्यावर सरकून जागा केली, पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "आओ बेन, अब आप पढ़ो. आप टीचर हो. मेरे को तो बस फोटो पढ़ना आता है."

मला त्यातला मान कळला आणि खरं सांगते, जरा बरंही वाटलं. चष्मा नीट केला. आता बघ म्हटलं, वाचन कशाला म्हणतात. बोट ठेवलं आणि स्वच्छ उच्चारात वाचलं, म्हैस काही उठेना. पान उलटलं. म्हैस काही उठेना. तिसऱ्या पानावर मी पोचते तोच पोरीने माझ्या हातावर हात ठेवला.

"आजी, तुला वाचता नाय येत."

कुणी तोंडावर पाणी मारावं तसं झालं. मी म्हटलं, अगं, हेच लिहिलंय. ती म्हणाली, नाही, हे बघ, आणि मागचं पान उलटून कोपऱ्यात बोट ठेवलं. म्हशीच्या मागे गाड्यांची रांग लागलेली, ट्रक, टेम्पो, एक वरातीचा बँड, आणि पार कडेला एक रिक्षा. नखाएवढी. रिक्षातून एक चष्मेवाली बाई अर्धी बाहेर वाकून छत्री उगारून म्हशीवर ओरडतेय. मजकुरात तिचा पत्ता नाही. मी ते पान दोन वेळा वाचलं होतं आणि ती बाई मला दिसली नव्हती.

"ही तू," पोरगी म्हणाली. "तू इथे आहेस ना. तू म्हशीला ओरडतेस, सरळ बस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विहीणबाईंना मराठी मजकूर चटकन लागत नाही, म्हणून त्या चित्रंच वाचत होत्या. त्यांच्या हिशेबाने ती म्हैस काशीमीऱ्याच्या नाक्यावर बसली होती, त्यामुळे गुजरातपासून ट्रक अडकले होते. टेम्पो पोरीच्या नानांचा, त्यात बनियानचे गठ्ठे. बसमध्ये पप्पा अडकलेले, ऑफिसला उशीर. बँडवाल्यांचा नवरदेव मामा. आणि रिक्षात मी. सगळे दमले की शेवटी रिक्षातून आजी उतरते, छत्री आपटते आणि म्हणते, हात वर, तोंड बंद, सरळ बस. तेव्हा कुठे म्हैस घाबरून उठते. शेवटच्या पानावर मजकूर का नव्हता ते मला कळलं. तिथे आजी बोलत होती.

विहीणबाई ओशाळून म्हणत होत्या, हुं तो खोटुं खोटुं बोलुं छुं, बेन, तुम्ही रागावू नका. मी रागावले नव्हते. म्हणजे रागावले होते, पण कुणावर ते मला कळत नव्हतं. इतके दिवस ज्या बाईला मी माझी सवत समजत होते, तिने दर शनिवारी मला गोष्टीत घेतलं होतं. आणि मी माझ्या अकरा गोष्टींत माझ्या नातीला कुठेही घेतलं नव्हतं.

पण जित्याची खोड. घरी येऊन दोन दिवस अकरा पुस्तकं काचेमागेच राहिली. सुनेला एवढंच म्हटलं, पाण्याची बाटली मिळाली हो. ती लाल झाली आणि स्वयंपाकघरात पळाली. दिवसभर ते 'तुला वाचता नाय येत' कानात वाजत होतं. गोवारीच्या शेंगा मोडताना, कपडे वाळत घालताना. एकदा वाटायचं काय आगाऊ कार्टी आहे, आणि लगेच वाटायचं, बरोबर बोलली.

मंगळवारी दुपारी पोरगी शोकेससमोरून नमस्कार करून पळायच्या बेतात होती. मी तिला थांबवून विचारलं, ह्यातलं एकही तुला का नको गं? तिने काचेला नाक लावलं, अकरा पाठी बघितल्या आणि साधा प्रश्न विचारला. "आजी, ह्यात कोण कोण आहे?"

मीही तिच्या शेजारी वाकून काचेतून बघितलं. तिला वाचता येत नाही. स्टिकरवरचे आकडे, माझं वळणदार अक्षर, तिच्यासाठी सगळं सारखंच. अकरा खाकी ठोकळे. आत हत्ती आहे की कोंबडी हे तिने ओळखायचं कशावरून? चित्रांची पुस्तकं आणून मी पहिलं काम काय केलं होतं, तर चित्रं झाकली होती. तीही अशी की वर्षभर हलू नयेत. कपाळावर हात मारून घेतला मी.

किल्ली काढली, सगळी पुस्तकं सतरंजीवर ओतली आणि म्हटलं, फाड. तिला खरं वाटेना. आधी तिने हात जोडले. मी स्वतः एक कव्हर टरकावलं, वडिलांची क्षमा मागून, तेव्हा तिला धीर आला. मग काय विचारता. एकेका कव्हरातून बेडूक निघाला, हत्ती निघाला, एक लंगडा कावळा निघाला. प्रत्येक वेळी ती ओरडायची, हा इथे होता? खोलीभर खाकी कागद आणि मधोमध पोरगी. दीड तास गेला. त्या दीड तासात ना टीव्हीची आठवण झाली, ना नानीची.

अर्थात कव्हरं निघाली म्हणून पुस्तकं सुधारली नाहीत. अकरातली नऊ खोटी निघाली. चित्रं होती, पण चित्रांत मजकुरात सांगितलं तेवढंच. बेडूक म्हटलं की बेडूक, बास. कोपऱ्यात कुणी लपलेलं नाही, कुणी ओरडत नाही, कुणाचा पदर दारात अडकलेला नाही. आणि शेवटच्या पानावर सगळे रांगेत उभे, शहाणपण शिकून. दोन ठेवली, एक त्या लंगड्या कावळ्याचं आणि दुसरं एका आजोबांचं, जे चष्मा शोधताहेत आणि चष्मा प्रत्येक पानावर वेगळ्याच कुणाच्या तरी डोळ्यांवर आहे. ते मी घेतलं होतं ते 'वस्तू जागेवर ठेवाव्यात' या बोधासाठी. पोरीने बोधाला हिंगही लावला नाही. तिने शेळीच्या डोळ्यांवरचा चष्मा शोधला आणि लोळून हसली.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून पुस्तकं निवडायला लागलो. पेणकरपाड्यात एक रद्दीवाला आहे, टॉवरमधल्या घरांतून त्याच्याकडे मुलांची जुनी पुस्तकं येतात. मी त्याच्या स्टुलावर बसायची आणि पोरगी ढिगाऱ्यावर. लाल पेन घरी. पद्धत एकच: तिने पान उघडायचं आणि मी तोंड बंद ठेवायचं. हे मला किती जड गेलं ते मलाच माहीत. ती एका पानावर रेंगाळली, बोट ठेवलं, पुढे जाऊन पुन्हा मागे आली, की समजायचं आहे काहीतरी. भराभर पानं उलटली की बाजूला. भाषा कुठलीही असो, इंग्रजी, हिंदी, एकदा तर तामिळ आलं. रद्दीवाला म्हणाला, आंटी, ये किसको आता है? मी म्हटलं, भाऊ, फोटो पढ़ना आता है.

आणि मोठ्याने वाचून बघायचं, हे मात्र माझं. चार ओळी तिथेच रद्दीत बसून म्हणून बघायच्या. जिभेवर दगड आला की पुस्तक नको. एकच वाक्य प्रत्येक पानावर असलं तर उलट उत्तम, कारण तिसऱ्या पानाला पोरगीच ते म्हणायला लागते आणि मग मी नुसती मान हलवायची. जे मला शिक्षा वाटलं होतं ते तिला पाळण्याच्या झोक्यासारखं होतं. पहिलीच्या वर्गात तेहतीस वर्षं घालवून हे मला रद्दीच्या ढिगाऱ्यावर कळलं.

मेच्या शेवटी विहीणबाईंनी सुनेबरोबर डबा पाठवला. वर थेपले आणि खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, म्हशीचं पुस्तक. ते बघून मी अशी हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं होतं. कोपरे वाकडेतिकडे, चिकटपट्टी आडवीतिडवी, आणि वर स्टिकर, त्यावर गुजराती वळणाच्या अक्षरात नातीचं नाव. सून सांगत होती, दोन तास बसली होती आई. म्हणाली, टीचरच्या घरी पुस्तक जातंय, असंच कसं पाठवायचं? मी इकडे त्यांच्यासारखी व्हायला निघाले होते आणि त्या तिकडे माझ्यासारख्या. फोन करून मी त्यांना सांगितलं, कव्हर फार छान झालंय. खोटं बोलू नये, हा बोध त्या दिवशी बाजूला ठेवला. पोरीने ते कव्हर पाच मिनिटांत फाडलं, पण स्टिकर मी जपून ठेवला आहे.

जूनच्या आधीचा शेवटचा आठवडा. फॉर्म अजून फ्रिजवर होता, आणि मी त्याविषयी अवाक्षर काढलं नव्हतं. भीक मागायची नाही, एवढं ठरवलं होतं. पण आता फ्रिज उघडताना मी त्याच्याकडे बघायचं टाळायची, कारण आता माझ्याजवळ गमवायला काहीतरी होतं. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. मी सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. पोरगी आतून आली. दोन्ही हातांत चिवड्याची वाटी घट्ट धरलेली, आणि म्हशीचं पुस्तक पायाने सरकवत, सरकवत, फरशीवरून माझ्यापर्यंत आणलेलं. पाया पड, हे माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. गिळलं. चिवडा बाजूला ठेवून ती सोफ्यावर चढली, मला कोपराने ढकललं आणि म्हणाली, सरक. मी सरकले. तिने पुस्तक उघडलं, उलटं. मग सुलटं केलं. आणि शब्दाखाली बोट ठेवून, अगदी माझ्यासारखं, वाचायला लागली, म्हैस काही उठेना, काशीमीऱ्याला सगळे ट्रक अडकले.

सून ऑफिसातून आली तेव्हा आम्ही वरातीपर्यंत पोचलो होतो. ती दारातच थांबली, तिच्या आईच्या दारात मी थांबले होते तशीच. जरा वेळाने स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचा फॉर्म हातात घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने पोरीलाच विचारलं, बेटा, जूनपासून दुपारी समोरच्या डे-केअरमध्ये जायचं का? तिथे बॉल आहेत, खूप मुलं आहेत.

पोरीने पुस्तकातून मान वर केली नाही. बोट शब्दावरून हलवलंही नाही.

"नाही," ती म्हणाली. "आजीला वाचता नाय येत. तिला कोण शिकवणार?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी, तेहतीस वर्षं पहिलीची बाई, चकार शब्द बोलले नाही. मांडी घालून सरळ बसले आणि पुढच्या पानाची वाट बघू लागले.